उत्तर कुठून आलं?

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. आमची बहुतेक मुलं दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर या भागांतल्या गावांतून एसटीने येतात. शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं, घरी शेती नाहीतर शेतमजुरी, आणि कॉलेजची पायरी चढणारी घरातली ही पहिलीच पिढी. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचं प्रकरण आलं की मी तिथे मुद्दाम रेंगाळते. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे या बाजारपेठेच्या गावात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले, सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं त्यांनी मागून घेतली आणि जाळली. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेलं सुपे आज बारामती तालुक्यात आहे. माझ्या वर्गातल्या काही मुलांची एसटी रोज त्याच गावावरून येते. इतिहास म्हणजे दिल्ली, पानिपत आणि लंडन एवढंच नव्हे, हे त्यांना इथे कळावं अशी माझी इच्छा असते.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. आमच्याकडे त्याचा परिणाम दिसायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडलं. अंतर्गत मूल्यमापनासाठी येणाऱ्या लेखी कामाचं रूप पालटलं. प्रस्तावना, कारणं, परिणाम, निष्कर्ष अशी ओळीने मांडणी, शुद्धलेखन ठाकठीक, कुठे खाडाखोड नाही. पण त्या पानांत सुपे नव्हतं, शिरूर नव्हतं, एकही माणूस नव्हता. ‘शेतकऱ्यांमध्ये असंतोष वाढला’ एवढं होतं. कोणत्या शेतकऱ्यांमध्ये, कशामुळे, आणि हे सांगतं कोण, याचा पत्ता नव्हता.

स्टाफरूममध्ये यावर खूप बोलणं झालं. काहींना वाटत होतं, सरळ बंदी घालावी. मला ते पटलं नाही, आणि त्याचं कारण आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेरच आहे. तिथल्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार नोट्स, सोडवलेले प्रश्नसंच आणि बांधीव प्रकल्पसुद्धा कित्येक वर्षांपासून मिळतात. तयार उत्तराची सवय मुलांना या यंत्राने लावलेली नाही. ती आपल्या परीक्षापद्धतीने लावली. अपेक्षित प्रश्न, अपेक्षित उत्तर, अपेक्षित गुण हे चक्र आधीपासून फिरत होतं. यंत्राने ते फुकट आणि घरबसल्या करून दिलं.

दुसरी सूचना होती शोधक सॉफ्टवेअरची. मजकूर माणसाचा की यंत्राचा हे ओळखून देणारं काहीतरी घ्यावं, म्हणजे वाद मिटेल. वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीची २०१८ ची नियमावली आहेच. तिच्यात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. पण ही मोजणी आधी कुठेतरी छापलेल्या मजकुराशी ताडून होते. यंत्र दर वेळी वाक्य नव्याने जुळवतं, त्यामुळे ताडून पाहायला मूळ प्रतच नसते. यंत्राचा मजकूर ओळखणारी जी साधनं आली, त्यांचा अनुभवही चांगला नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन २०२३ च्या जानेवारीत आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये काढून घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशी अनेक साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध त्या साधनांना दिले, तर सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे म्हणून दाखवले गेले. साधे शब्द, बेतशीर वाक्यं, मर्यादित शब्दसंग्रह एवढाच त्या मुलांचा गुन्हा. माझी मुलंही परक्या भाषेत असंच जपून लिहितात. अशा साधनाच्या भरवशावर मी एकाही मुलाकडे संशयाने पाहणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

मग आम्ही यंत्र उघडपणे वर्गात आणलं. दंग्यांच्या कारणांवर मराठीत प्रश्न विचारला, आलेल्या उत्तराच्या प्रती काढल्या आणि गटागटांत वाटल्या. काम एकच: प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने लिहायचं, हे कुठून आलं? समकालीन साधन आहे की नंतरच्या कुणाचं म्हणणं? की ठाऊकच नाही?

सुरुवातीला वर्ग शांत होता. एवढ्या सुबक मजकुरावर प्रश्न विचारायचा असतो, हेच मुलांना नवं होतं. मग हळूहळू पेन्सिली चालू लागल्या. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला, युद्ध संपताच भाव कोसळला, हे पुस्तकांत सापडलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं चालायचं, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घ्यायचा, हेही सापडलं. पण इंदापूरचा उल्लेख यंत्राच्या उत्तरात नव्हता. मुंबई इलाख्यातली नवी शेतसारा आकारणी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. तिची तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी आली आणि सारा एकदम चढला. नेमका कापसाचा भाव पडायच्या सुमारास. आमच्या मुलांच्या पूर्वजांच्या रानावरची ही गोष्ट त्या उत्तरात ‘वाढता करभार’ या दोन शब्दांत संपली होती.

शेवटी संदर्भांची यादी होती. तिच्यातलं एक नाव मुलांनी ग्रंथालयात आणि इंटरनेटवर शोधून काढलं. लेखक खरा, नामवंत. पुस्तक मात्र कुठेच मिळेना. प्रकाशनवर्षासकट दिलेलं ते पुस्तक त्या इतिहासकाराने लिहिलेलंच नव्हतं. मुलं चिडली. एक जण म्हणाला, “मॅडम, हे सरळ सरळ खोटं बोलतंय.” मी म्हटलं, खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. हे यंत्र अफाट मजकुरावर तयार झालेलं असतं आणि आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबाने पुढे लिहीत जातं. या विषयावर या लेखकाचं असं पुस्तक असणं शक्य दिसतं, म्हणून तसं नाव तयार होतं. ते कपाटात जाऊन पुस्तक उघडून पाहत नाही. नंतरच्या आवृत्त्या इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देऊ लागल्या. तिथे दुवा खरा असतो, पण तो बऱ्याचदा एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या पानाचा निघतो. म्हणजे ‘कोण म्हणतं’ हा प्रश्न एक पायरी मागे सरकतो, इतकंच.

साधन-चिकित्सा हा विषय मी अनेक वर्षं शिकवत आले आहे. अंतर्गत चिकित्सा, बाह्य चिकित्सा, व्याख्या, वैशिष्ट्यं असं सगळं मुलं लिहायची, आणि त्या शब्दांमागे नेमकं काय करायचं असतं हे फार थोड्यांपर्यंत पोचायचं. त्या दिवशी ते हातांनी केल्यासारखं झालं.

सगळ्यात मोठा लाभ मात्र वेगळ्याच ठिकाणी दिसला. दंग्यांनंतर सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्याचं इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं. एकेक वाक्य अर्धं पान चालतं. आमच्या मुलांसाठी तो अहवाल आजवर नावापुरताच होता. आता मुलं एक परिच्छेद यंत्राला देतात आणि सोप्या मराठीत समजावून मागतात. जुन्या महसुली शब्दांवर यंत्र चुकतं, तिथे मी आणि कोश असतो. पण मूळ पान समोर ठेवून त्याच्याशी झटणारी मुलं मी आमच्या वर्गात प्रथमच पाहत होते. सरकारी साऱ्यापेक्षा सावकारावर दोष टाकण्याकडे त्या अहवालाचा कल आहे, हे त्यांनी स्वतः ओळखलं. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने सरकारला मोकळं सोडलं, तर तो पुरावा कसा वाचायचा? हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला नव्हता. तो बाकावरून आला.

नील चार्ल्सवर्थ यांचा १९७२ चा एक प्रसिद्ध लेख आहे. त्याच्या शीर्षकातच या दंग्यांना मिथक म्हटलं आहे. दंग्यांचा विस्तार आणि महत्त्व इतिहासकारांनी फुगवलं, असा त्यांचा मुद्दा. पूर्वी मी तो वर्गात सारांशाने सांगायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची. आता त्यांनी तो यंत्राच्या मदतीने उतारा-उतारा करून वाचला. शिरूरकडचा एक मुलगा भडकला. “म्हणजे आमच्याकडे काही झालंच नाही म्हणायचं का यांना?” तो राग मला मोलाचा वाटला. मी त्याला म्हटलं, त्यांचं म्हणणं खोडायचं तर आधी त्यांचा पुरावा कोणता, तो काढ. तो कामाला लागला. किती गावांत दंगा झाला, कुठे नुसत्या वह्या जाळल्या, कुठे मारहाण झाली, याचा त्याने नकाशा केला. त्याचा निष्कर्ष चार्ल्सवर्थ यांच्या बराच जवळ गेला आणि तरी एका मुद्द्यावर तो अडून राहिला: दंगा लहान होता म्हणून त्यामागचं दुखणं लहान ठरत नाही. १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांना लागू करावा लागला, याकडे त्याने बोट दाखवलं. एवढं स्वतंत्र उत्तर आमच्या लेखी परीक्षेत मला क्वचित मिळालं असेल.

एका मुलीचं बोलणं मला विसरता येत नाही. वर्गात तिने कधी हात वर केला नव्हता. नाव पुकारलं तरी खाली बघायची. तोंडी परीक्षेत मात्र ती जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची आयोगाच्या अहवालाशी तुलना करत नेटकं बोलली. सरकारी नोकरशाही आणि भटशाही या दोहोंकडे फुले बोट दाखवतात आणि अहवालात ते कसं येत नाही, हे तिने ओळीने सांगितलं. मी विचारलं, इतका अभ्यास कसा केलास? म्हणाली, “रात्री भाऊ झोपला की त्याचा फोन मिळतो. त्यात विचारते. तिथे कितीही साधं विचारलं तरी कुणी हसत नाही.”

यंत्राचं कौतुक वाटण्याआधी मला वाईट वाटलं ते आपल्या वर्गांबद्दल. पहिलीपासून पंधरावीपर्यंत एका हुशार मुलीला प्रश्न विचारायला निर्धास्त जागा मिळाली नाही, ही गोष्ट एकट्या माझ्या वर्गापुरती नाही. आणि फोन भावाचा. ज्या घरात फोन एकच, तिथे तो मुलीच्या वाट्याला रात्रीच येतो. पैसे भरून मिळणारी चांगली आवृत्ती तर आमच्या बहुतेक मुलांच्या आवाक्याबाहेरची. पुण्यातल्या श्रीमंत कॉलेजातला मुलगा आणि ही मुलगी एकच यंत्र वापरतात असं म्हणणं बरोबर नाही. म्हणून यंत्र लागणारं कोणतंही काम मी घरी देत नाही. ते कॉलेजच्या संगणक कक्षात, तासाच्या वेळेत होतं.

मुलांनीच एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली. यंत्राला सावकाराची बाजू घ्यायला सांगून दोन गटांनी वाद घातला. थोडं दडपून विचारलं की ते लगेच ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे’ म्हणून मागे येई. दुसऱ्या गटाने उलट बाजूने दडपलं तर त्यांनाही तेच. एक मुलगी म्हणाली, असा साक्षीदार कोर्टात चालेल का? याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळाली नसती. विचारणाऱ्याच्या कलाने बदलणारी साक्ष इतिहासात पुरावा होत नाही. सरकारी अहवालाला जी कसोटी लावली, तीच इथेही लावायची हे वर्गाने आपणहून ठरवलं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्र प्रकल्प आले आहेत. त्याचा आम्ही उपयोग करून घेतला. मुलांना सांगितलं, घरात, वाड्यात, भावकीत जुना कागद आहे का बघा. काही जणांनी आणलेही: खतं, पावत्या, वाटणीपत्रं, सगळी मोडी लिपीत. एकाने खताचा फोटो यंत्राला दिला. यंत्राने अजिबात न अडखळता वाचन दिलं, नावं आणि रकमेसकट. ते खत आम्ही मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे नेलं. रक्कम वेगळी, गाव वेगळं, आणि खत कर्जाचं नव्हतंच, बैलजोडीच्या व्यवहाराचं होतं. गुरुजी भिंग धरून अक्षर अक्षर लावत होते. जिथे अक्षर पुसलं होतं तिथे थांबून म्हणाले, “हे मला लागत नाही.” मी मुलांना सांगितलं, हे वाक्य वहीत लिहून ठेवा. २०२३ पासून आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांची गरज गावोगाव भासली, ती मुलांनी घरात पाहिलेली आहे. त्यामुळे मोडी शिकायची तयारी दाखवणारी मुलं आता दर वर्षी निघतात.

आपल्या इतिहासाचा फार मोठा भाग अजून इंटरनेटवर आलेलाच नाही, हे विसरून चालणार नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल अजून बांधलेले आहेत. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद मिळवले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढली आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांच्यानंतरच्या कित्येकांनी त्याच कामात आयुष्य घातलं. जे यंत्राने वाचलेलं नाही, ते त्याच्या उत्तरात येणार नाही. ते आणायला माणसांनाच जावं लागेल, आणि ती माणसं तालुक्याच्या कॉलेजांतून तयार व्हायला हवीत, कारण कागद त्यांच्याच घरांत आहेत.

आता माझ्या विषयात लेखी कामाला जोडून तोंडी परीक्षा असते. मजकूर कसा लिहिलास, यंत्र वापरलंस का, हे मुलं पहिल्या पानावर लिहून देतात. त्यासाठी गुण कापले जात नाहीत. मी त्यांच्याच कामातलं एखादं वाक्य निवडते आणि विचारते, हे तुला कुठून कळलं? ज्याने काम केलं आहे तो सांगू लागतो, अडखळत का होईना. ज्याने केलेलं नाही त्याला मी परत पाठवते, नापास करत नाही. बहुतेक परत येतात, आणि दुसऱ्या वेळी तयारीने येतात.

यात अडचण आहे ती वेळेची. एकेका मुलाशी नीट बोलायचं तर दिवस पुरत नाहीत. राज्यभरातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांवर आहे. त्यांना तासाचे पैसे मिळतात. मुलाशेजारी बसून त्याचं काम वाचण्याचे, तोंडी घेण्याचे, त्याच्याबरोबर मोडीचा कागद लावण्याचे मिळत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या कार्यशाळा मात्र भरपूर होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि सत्र संपतं.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर असलेल्या सहकाऱ्यांना आणि उच्च शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. यंत्र खरेदीच्या आणि बंदीच्या चर्चेआधी रिकाम्या जागा भरा. तोंडी परीक्षेचा वेळ कार्यभारात मोजा, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्याचा मोबदला द्या. प्रत्येक महाविद्यालयाचा संगणक कक्ष संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा ठेवा, म्हणजे त्या मुलीला भावाच्या झोपेची वाट पाहावी लागणार नाही. हे झालं तर पुढच्या जूनपासून कोणत्याही तालुक्यातला इतिहासाचा शिक्षक हे काम सुरू करू शकेल.